उन्हाळ्यात वेडर्सच्या आत काय घालायचं? इंदूर, चोरल, नर्मदाकाठ

बाडसवाला
नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, राहायला सुदामानगरात. सुट्टी मिळाली की घाट उतरून बडवाह ते मंडलेश्वर या पट्ट्यात नर्मदेवर गळ टाकायला जातो. रीतसर परवाना काढून जातो आणि बाडस लागला तर सोडून देतो. परगावच्यांसाठी सांगतो, बाडस म्हणजे आमच्याकडचा महाशीर, २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा.

थोरल्या भावाने कॅनडातून वेडर्स पाठवलेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी असं समजा: छातीपर्यंत येणारी, पाणी आत न येऊ देणारी विजार, खांद्यावर पट्टे, खाली पावलांना रबरी मोजे जोडलेले आणि त्यावर वेगळे बूट. माझे पातळ आहेत, घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचे.

प्रश्न असा की आत घालायचं काय? नेटवर जे सापडतं ते सगळं थंड नद्यांत ट्राउट धरणाऱ्यांनी लिहिलेलं. फ्लीस घाला, लोकरीचा थर घाला, दोन-दोन मोजे घाला. इथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि निमाडात उतरलं की चटका आणखी वाढतो. सध्या मी सुती ट्रॅक पँट घालतो. तासाभरात ती ओलीचिंब होते, मांड्यांना काचते आणि वेडर्स कुठेतरी फाटलेत की काय अशी शंका येत राहते. हाफ पँट घालू? लेगिंग? की आत काहीच नको?

रामबागकर
मुळात उन्हाळ्यात वेडर्स घालायचेच कशाला? ते थंड पाण्यासाठी बनवलेले. आमची पिढी हाफ पँट आणि जुने कॅनव्हासचे बूट घालून नर्मदेत उतरायची. पाणी कोमट, पाय गार, कपडे पाच मिनिटांत वाळतात. बाहेरदेशीसुद्धा उन्हाळ्यात बरेच जण वेडर्स घरी ठेवून पटकन वाळणारी पँट आणि बूट एवढ्यावरच पाण्यात उतरतात. पाणी स्वच्छ असेल तर हाच खरा आरामाचा पोशाख, असं माझं ठाम मत आहे.

बाडसवाला
काका, स्वच्छ धारेत मीही तेच करतो. पण घाटांच्या खालच्या बाजूला तळाशी काचा, तुटलेले गळ आणि दोऱ्यांचे गुंते पडलेले असतात. काही ठिकाणी गावाचं सांडपाणी येऊन मिळतं. शेवाळ्याच्या कडेला तास-दोन तास उभं राहिलं की पिंडऱ्यांना खाज सुटते. अशा जागांसाठी विचारतोय.

तळ्याकाठची
रामबागकर काका, तुमचं स्वच्छ नदीपुरतं पटतं. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन इंदूरच्या तळ्यांवर पाण्याचे, गाळाचे नमुने घेते. सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही पाणथळींना २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ असा मान मिळाला. अभिमान वाटतोच. पण शहराच्या कडेच्या तळ्यात गुडघाभर गाळात उघड्या पायांनी मी कुणालाही उतरू देत नाही. गोगलगायी असलेल्या उथळ पाण्यात एक परजीवी असतो, त्याची पिल्लं कातडीत शिरायला बघतात आणि अंगावर लाल पुरळ उठतं. तुम्ही सांगता ती पिंडऱ्यांची खाज बरेचदा हीच असते. शिवाय पायाला जखम असेल तर लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती. तेव्हा वेडर्स हवेतच, प्रश्न आतल्या कपड्यांचाच आहे.

आमच्याकडचे मात्र पीव्हीसीचे आहेत, स्वस्तातले, बूट जोडलेले. त्याबद्दल खाली सविस्तर लिहीन.

निमाडी_वारा
या विषयात मी बराच काळ डोकं घातलंय, म्हणून थोडं लांब लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे घाम येतो कधी, ते बघा. पाण्यात उभे असता तेव्हा नाही. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे मांडीपर्यंत पाण्यात असलात तर पाय आपोआप गार होतात. घाम फुटतो तो गाडीपासून पाण्यापर्यंत चालताना, दगडांवरून चढउतार करताना, काठावर बसून दोरा बांधताना. नेमकं तेव्हाच अंगावर छातीपर्यंतचा बंद पिशवा असतो. मग पाण्यात उतरलात की वेडर्सचं कापड बाहेरून गार पडतं, आतली वाफ त्या गार भिंतीला लागते आणि तिचं पाणी होतं. बाडसवाले, तुमचा 'फाटलेत की काय' तो हाच प्रकार असणार. फाटलं असेल तर एकाच जागी ओल येते, म्हणजे टाचेशी, गुडघ्याशी किंवा शिवणीशी. सगळीकडे सारखी दमट ओल असेल तर तो घाम. तरी खात्री करायची तर वेडर्स पूर्ण वाळवून उलटे करा आणि आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. जिथे बारीक भोक असेल तिथे गडद ठिपका उमटतो. उघड्या हवेत करा आणि जवळ विडी-सिगारेट नको.

दुसरी गोष्ट, वाफ बाहेर सोडणारं कापड म्हणजे पंखा नव्हे. आत उष्ण-दमट आणि बाहेर कोरडं असेल तरच वाफ बाहेर ढकलली जाते. त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपले वेडर्स सप्टेंबरपेक्षा चांगलं काम करतात. पावसाळ्यानंतरच्या उमसात आत आणि बाहेर दोन्हीकडे दमट असतं, मग ते कापड फारसं काही करू शकत नाही. लोक म्हणतात महागाचे घेतले तरी उकडतं. उकडणारच.

आता कपडा. आतल्या कपड्याचं काम अंग गार करणं हे नाहीच. त्याने घाम कातडीवरून उचलून पसरवायचा, म्हणजे वाफ होऊन तो वेडर्सच्या कापडातून जाऊ शकेल, आणि कातडी व वेडर्स एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. हे दोन्ही साधायला पूर्ण लांबीची, अंगाला लागून बसणारी, पातळ पॉलिस्टर किंवा नायलॉनची पँट लागते. खो-खो, कबड्डी, क्रिकेटवाली मुलं आतून घालतात ती चालते. शिवणी चपट्या हव्यात, खिसे नकोत, चेन नको, बक्कल नको. कमरेला रुंद मऊ इलॅस्टिक असावं, नाडीची गाठ नसावी, कारण त्या गाठीवर बाहेरून वेडर्सचा पट्टा आवळला जातो आणि दिवसभर ती पोटात रुतते.

हाफ पँट नको. चालताना तिची कड मांडीवर गोळा होते आणि प्रत्येक पावलाला घासते. आत काहीच न घालणं त्याहून वाईट. घामेजलेली कातडी आतल्या अस्तराला चिकटते, गुडघा वाकवताना ओढ बसते आणि अंगाचं तेल, सनस्क्रीन थेट कापडाला लागून त्याची वाफ सोडायची ताकद कमी होते.

सुती_सदरा
माफ करा, पण पटलं नाही. उन्हाळ्यात सुतीसारखं दुसरं काही नाही, हे माळव्यात लहान मूलही सांगेल. पॉलिस्टरचा शर्ट घालून मे महिन्यात राजवाड्यावर चालून दाखवा. इथे सूतगिरण्या होत्या, घराघरात सुती कापडाची पारख आहे.

निमाडी_वारा
साहेब, राजवाड्यावर मीही सुतीच घालतो! तिथे सुती कपडा घाम पितो आणि वाऱ्याने तो उडून जातो, त्याचा गारवा मिळतो. वेडर्सच्या आत वारा नाही. मग सुती कपडा घाम पीतच राहतो आणि सोडत नाही. नेहमीच्या हवेतही सुती कापड वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरून असतं, नायलॉन चारच्या आसपास, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. लोकर तर सोळाच्या घरात जाते, पण ती ओलावा धाग्याच्या पोटात साठवते, त्यामुळे कातडीला ओली लागत नाही. भिजलेलं सूत मात्र जड होतं, मांडीला चिकटतं आणि काच लागते.

तुमचं सूत वाया जाणार नाही. ते बाहेर वापरा. वेडर्सच्या वर मान, खांदे, हात उघडे असतात. तिथे पातळ, फिक्या रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि मानेवर ओला सुती पंचा ठेवा. निमाडातल्या कोरड्या लूमध्ये तो पंचा माठासारखं काम करतो. दर अर्ध्या तासाने नदीत बुचकळायचा. मला विचाराल तर उन्हाळ्यातल्या सगळ्या पोशाखात या पंच्याइतका गारवा देणारं दुसरं काही नाही.

सुती_सदरा
पंच्याचं मान्य. आणि आत-बाहेरचा फरकही लक्षात आला.

तळ्याकाठची
आता पीव्हीसीबद्दल. त्यातून वाफेचा कणही बाहेर जात नाही, त्यामुळे आत कोणताही कपडा घातला तरी तो भिजणार हे गृहीत धरा. आम्ही दोन गोष्टी करतो. पातळ नायलॉनचे दोन जोड नेतो आणि मध्ये एकदा बदलतो. आणि पाण्यातलं काम तुकड्यातुकड्यांत वाटून घेतो. एक गट नमुने घेऊन बाहेर आला की वेडर्स उतरवून सावलीत बसतो, तोवर दुसरा उतरतो. बंद रबरात अंगाचा घाम उडत नाही म्हणजे शरीराची स्वतःला गार ठेवायची वाटच बंद होते. गरगरणं, मळमळ, डोकं ठणकणं यातलं काहीही झालं तर आधी वेडर्स उतरवायचे, बाकीचं नंतर, हे मुलामुलींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय.

मुलींसाठी काही खास गोष्टी लिहिते, कारण या कुठे वाचायला मिळत नाहीत. दुकानात लेगिंग म्हणून जे मिळतं त्याचं लेबल उलटून बघा. बहुतेकांवर ९५ टक्के कॉटन, ५ टक्के लायक्रा असं असतं. हात लावला तर ते मऊ आणि ताणदार लागतं, म्हणून आपण फसतो. ते वेडर्सच्या आत सुती ट्रॅक पँटइतकंच भिजतं. व्यायामाची किंवा योगाची म्हणून विकतात त्यात नायलॉन-लायक्रा मिळते, ती घ्या. कुर्ता आत खोचू नका, कमरेशी त्याचा बोळा होतो. अंगालगत टीशर्ट असावा, तोही नितंबांच्या वरच संपणारा. पाठीवर क्रॉस पट्टे असलेली ब्रा घालाल तर वेडर्सचे पट्टे नेमके त्याच्यावर येतात आणि सायंकाळपर्यंत वळ उठतात. सरळ, रुंद पट्ट्यांची बरी. आणि छातीपर्यंतचे वेडर्स घालून लघवीला जाणं हे मोठंच काम आहे, पण म्हणून पाणी पिणं टाळू नका. मुली हमखास हेच करतात आणि त्यांनाच चक्कर येते.

डॉक्टरीण_बाई
त्वचारोगतज्ज्ञ म्हणून दोन शब्द. जांघेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बोटांच्या बेचक्यात ओल तासन् तास राहिली की गजकर्णाला आयतं रान मिळतं. आपल्याकडे हे दुखणं फार वाढलंय आणि बरं व्हायलाही वेळ लागतो. याचं मोठं कारण म्हणजे मेडिकलमधून स्वतःच आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. चट्टा गोल दिसला, कड लाल असली तर डॉक्टरांना दाखवा, मित्राची ट्यूब लावू नका.

पाण्यातून बाहेर आल्यावर घरी पोचेपर्यंत तेच कपडे अंगावर ठेवू नका. गाडीजवळच कोरडं करा, कोरडी चड्डी घाला. आतल्या चड्डीबद्दल कुणी लिहिलं नाही. ती सुती असेल तर वरची पँट कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, कारण घाम सगळ्यात जास्त तिथेच धरला जातो. चड्डीही पटकन वाळणाऱ्या कापडाची, मांड्यांवर थोडी लांब पायांची हवी. मांड्या घासत असतील तर अगदी पातळ पेट्रोलियम जेली लावा, पण फक्त घासतं तिथेच. टाल्कम पावडर घामात भिजून गोळे होतात, ते उलट घासतात.

डासांसाठी डीट असलेलं औषध लावत असाल तर ते हातांपुरतं ठेवा. डीट सुती-लोकरीला काही करत नाही, पण प्लास्टिक आणि लायक्रासारखे धागे खराब करतं. लावल्यावर हात पुसून मगच वेडर्सना हात लावा.

बाडसवाला
डीटचं अजिबात माहीत नव्हतं. डॉक्टर, आभार. मोज्यांचं काय? रबरी मोजा आधीच आहे, मग आत वेगळा हवाच का?

निमाडी_वारा
हवाच. तो रबरी, म्हणजे निओप्रीनचा, मोजा वाफ सोडत नाही. वरचं सगळं वेडर वाफ सोडेल, पण पाऊल तेवढं बंदच. म्हणून पावलावर सगळ्यात जास्त ओल जमते. उन्हाळ्यात एकच मोजा, पातळ, पिंडरीच्या अर्ध्यापर्यंत येणारा. पातळ मेरिनो लोकरीचा मिळाला तर उत्तम. लोकर म्हटलं की आपण दचकतो, पण पातळ मेरिनो भिजली तरी पायाला गचगचीत लागत नाही आणि वासही कमी येतो. नाही मिळाला तर फुटबॉलवाल्यांचा नायलॉनचा मोजा चालेल. जाड टेरीचा सुती मोजा नको.

आता एक बारीक गोष्ट, जी मी प्रत्येकाला करून दाखवतो. आधी पँट घाला, मग मोजा तिच्यावरून ओढून घ्या, म्हणजे पँटची कड मोज्याच्या आत जाईल. असं केलं नाही तर वेडर्समध्ये पाय घालताना पँट वर सरकते आणि गुडघ्याखाली तिची वळकटी बसते. पाय आत आहे, छातीपर्यंत सगळं चढवलेलं आहे आणि ती वळकटी काढायला हात पोचत नाही. सगळं उतरवून पुन्हा घालावं लागतं. काही पँटना टाचेखालून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा असतो, तो असेल तर बघायलाच नको.

रामबागकर
वेडर्स घालणारच असाल तर एक वडिलकीचं सांगणं ऐका. उकडतं म्हणून कमरेचा पट्टा सैल करू नका. पाय घसरला तर वरून पाणी आत शिरतं. आत भरलेलं पाणी बुडवत नाही, पण वाहत्या धारेत भरलेल्या वेडर्सची ओढ सांभाळत उठता येत नाही आणि काठावर चढता येत नाही. पट्टा आवळलेला असेल तर पाणी कमरेच्या वरच अडतं. उकडत असेल तर छातीचा भाग कमरेपर्यंत गुंडाळून खाली घ्या आणि त्यावरून पट्टा आवळा. फक्त मग मांडीच्या वर पाण्यात जायचं नाही.

आणि नर्मदा म्हणजे तळं नव्हे. वर इंदिरासागर आणि ओंकारेश्वर ही दोन धरणं आहेत, वीज तयार होताना पाणी वाढतं. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला यात्रेच्या वेळी असंच अचानक पाणी वाढलं आणि अंघोळीला उतरलेली माणसं वाहून गेली. या बाजूच्या जुन्या माणसांच्या मनातून ते गेलेलं नाही. भोंगा वाजला किंवा काठावरचा दगड बुडताना दिसला की गळ सोडून बाहेर या.

तळ्याकाठची
काका, हे लिहिलंत ते फार बरं झालं. विद्यार्थ्यांना वाचून दाखवते.

सराफा_रात्री
मी फक्त वाचतोय, मासे धरत नाही. पण दुकानात कापड ओळखायचं कसं? लेबल प्रत्येक वेळी असतंच असं नाही.

निमाडी_वारा
थेंबाभर पाणी आतल्या बाजूला टाकून बघा. थेंब लगेच पसरून पातळ डाग झाला आणि बोट फिरवल्यावर फारसं ओलं लागलं नाही तर कापड बरोबर. थेंब तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर घामही तसाच कातडीवर राहणार, ते नको. थेंब मुरला पण जागा गार आणि जड लागत राहिली तर त्यात सूत आहे. मग उजेडासमोर धरा. हाताची बोटं अंधुक दिसली पाहिजेत, इतकं पातळ हवं. दीडशे जीएसएमच्या (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आत असलेलं बघा. सीतलामाता बाजारात आणि राजवाड्यामागच्या होजियरीच्या दुकानांत दुकानदार थेंब टाकू देतात, विचारून टाका.

रंग कुठलाही चालेल, आत ऊन लागत नाही.

बाडसवाला
सगळ्यांचे आभार. आता माझं असं ठरतंय: पटकन वाळणारी लांब पायांची चड्डी, पातळ नायलॉनची पूर्ण पँट, त्यावरून एक मेरिनो मोजा, वर सैल सदरा, मानेवर पंचा. वेडर्स पाठीवर पिशवीत न्यायचे आणि पाण्याच्या कडेलाच चढवायचे. पहाटे लवकर उतरून दहाच्या आत बाहेर. १६ जूनला मासेमारीवर बंदी लागते, १५ ऑगस्टपर्यंत काही नाही, म्हणजे जे काय करून बघायचं ते आत्ताच. सोबत मीठ-साखरेचं लिंबूपाणी नेतो, कैरीचं पन्हंही चालेल ना?

डॉक्टरीण_बाई
पन्हं चालेल, मीठ घातलेलं. चक्कर आली किंवा उलट्या झाल्या तर मात्र ओआरएस, पाकिटावर लिहिलंय नेमकं तेवढ्याच पाण्यात कालवा. नुसतं साधं पाणी घटाघटा पीत राहू नका, थोडं थोडं प्या.

बाडसवाला
आणि घरी आल्यावर वेडर्स गच्चीवर उन्हात टाकू का? आई म्हणते ऊन लागलं की वास जातो.

निमाडी_वारा
आईंना सांगा, कपड्यांना ऊन, वेडर्सना सावली. कडक उन्हाने शिवणींवरची पट्टी आणि रबरी मोजे खराब होतात. आधी आतून उलटे करून गच्चीच्या सावलीत वाऱ्यावर टांगा, आतलं पूर्ण वाळलं की सुलटे करून बाहेरचं वाळवा. घडी घालून कोंबू नका, सैल गुंडाळी करा. आतली पँट आणि मोजे त्याच रात्री धुवा, फॅब्रिक कंडिशनर न घालता. कंडिशनरचा थर धाग्यावर बसला की घाम उचलला जात नाही.

बाडसवाला
शेवटचं. वेडर्सवरचे बूट घ्यायचेत. माझा नंबर आठ. आठच घेऊ?

निमाडी_वारा
नऊ घ्या, आणि दुकानात रबरी मोजा आणि आतला मोजा दोन्ही घालूनच बघा. बोटं आत हलली पाहिजेत. आवळ बूट असेल तर पाय सुन्न होतो आणि बाकी सगळा पोशाख बरोबर असूनही तासाभरात बाहेर यावंसं वाटतं. तळ फेल्टचा (दाबून केलेल्या जाड नमद्याचा) असेल तर शेवाळ्याच्या दगडांवर पकड चांगली राहते, पण तो वाळायला वेळ लागतो आणि एका पाण्यातली घाण दुसऱ्या पाण्यात नेतो. चोरल नदीवरून थेट यशवंतसागरला जाणार असाल तर रबरी तळाचे घ्या.